कुशीवर

एकतीस वर्षं एम. वाय.च्या तळमजल्यावर
मी लोकांना एकच सांगत आलो:
श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.
आता हातोदच्या बाजूला, यशवंत सागरावर,
गेंदालाल केवटाच्या नावेत बसून
तेच स्वतःला सांगतो.

यंत्र जावयाने आणून दिलं.
ते पाण्याच्या दोन्ही कुशींना आवाज पाठवतं
आणि परत येईल तो
सतरंजीसारखा उलगडत जातं.

पहिले दोन रविवार वाया गेले.
हावरटासारखा साठ साठ मीटर बघायला गेलो,
पडद्यावर नुसतं पिठलं.
गेंदालालने विडी शिलगावली:
"बाबूजी, मच्छी पाणी में है,
तम टीवी में ढूंढो हो."

तिसऱ्या रविवारी आपलीच जुनी अक्कल आठवली.
बोटाचं हाड मोडलंय,
तर अख्ख्या छातीचा फोटो कशाला?
डावीकडे पंधरा मीटर, उजवीकडे पंधरा. बास.
सेन्सर मोटरच्या फेसापासून लांब,
काठीला बांधून नावेच्या तळाखाली वीतभर.
मोटर इतकी हळू, की काठाकाठाने
एखादा म्हातारा गप्पा मारत सोबत आला असता.
आणि सरळ जायचं. ओळंबा आडवा धरल्यासारखं.
नाव वळली की चित्र वळतं,
शेताचा बुडालेला बांध कोयता होतो,
एकच बाभूळ दोनदा दिसते.
"हिलना मत," मी म्हणालो.
"म्हूं कां हिल्यो? हवा हिली."

मधला काळा पट्टा म्हणजे नावेखालचं पाणी,
आधी मी त्यालाच डोह समजलो होतो.
मुरूम उजळतो. गाळ आवाज गिळून बसतो.
पण वाचायची असते सावली.
वस्तू फसवते, सावली उंची सांगते.
बाभूळ म्हणजे एक पांढरा ओरखडा,
तिची सावली मात्र फांदी न फांदी मोजून घ्यावी अशी,
आणि तिच्यापाशी सांडलेला साबुदाणा,
दाण्यादाण्यापासून सुटलेली एकेक बारीक सावली.
जितकी सुटलेली, तितका मासा तळापासून वर.

दिसतं ते मागे पडलेलंच असतं.
खूण करायची, पुढे जायचं,
लांबून वळून यायचं, बाभळीच्या डोक्यावरून नाही.
मोटर बंद. पेंडीचा गोळा, गळ तळाच्या हातभर वर.
साडेसातला रोहू लागला, दीड किलोचा.
गेंदालाल पहिल्यांदा पडद्याकडे वाकला.

म्हणून आणखी एक फेरी मारली.

पाणबुडीच्या झुडपांपलीकडे काहीतरी लांबट,
एक कड चकाकणारी,
सावलीत बरगड्या.
नाव होती. कुशीवर निजलेली.
मला एका क्षणात कळलं.
फोटो काढणाऱ्याला कळतंच,
तो सांगत नाही.
काचेपलीकडे उभ्या असलेल्या किती जणांना
मी म्हणालो असेन, रिपोर्ट डॉक्टर देतील,
उद्या या.

"यो कंई?"
"लकडी," मी म्हणालो.

तो पडद्याकडे बघत नव्हता.
पाण्याची टाकी आणि कडुलिंब
एका रेषेत धरत होता,
मग पलीकडचा विजेचा खांब,
त्याच्या घरचे लोक जागा लक्षात ठेवतात तशी.
"लकडी तो है," तो म्हणाला,
"सागवान की. म्हारा भई की."

यंत्राने विचारलं: ही जागा जतन करायची?
दोन बटणं.
मी नको दाबलं.

त्याने मोटर बंद केली.
वाऱ्याने नाव आपसूक फिरत राहिली,
पडद्यावर सगळं वाकडं होत गेलं,
ती दुसरी नाव ताणली, दुमडली, वर सरकून गेली.
बादलीत रोहू एकदा आपटला.
हलू नका, असं मी
कुणालाच म्हणालो नाही.